सातव्या महिन्यातली ती एक सिगारेट

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वय ३८, चाकणच्या कारखान्यात पाळीची नोकरी. पंधरा वर्षं सिगारेट, सध्या दिवसाला बारा-चौदा. आजवर तीनदा सोडली. पहिल्यांदा चौथ्या दिवशी पुन्हा धरली, दुसऱ्यांदा पाचव्या आठवड्यात. तिसऱ्यांदा सात महिने हात लावला नाही. मग वडील गेले, दहाव्याला घाटावर चुलतभावाने एक पुढे केली, तुम्ही घेतली आणि पंधरा दिवसांत पाकीट पुन्हा खिशात आलं. तुम्ही विचारता : माझी इच्छाशक्तीच कमी आहे का? हळूहळू कमी करू की एकदम सोडू? निकोटिनचं च्युइंगम आणि गोळ्या म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं लावून घेणं नाही का?

मी साताऱ्यात छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. सव्वीस वर्षं दमा, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा विकार), क्षय आणि फुप्फुसाचा कॅन्सर बघतो आहे. त्यातली गेली पंधरा वर्षं दर गुरुवारी दुपारी फक्त तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी बसतो. आणि मी स्वतः अकरा वर्षं सिगारेट ओढली आहे. त्यामुळे हे उत्तर दोन्ही बाजूंनी देतोय असं समजा.

इच्छाशक्तीचं आधी बोलू, कारण तुमच्या लिहिण्यात सगळ्यात जास्त तीच बोचते आहे. कसलीही मदत न घेता, नुसत्या निर्धारावर जे सोडतात, त्यातले शंभरातले तीन ते पाच जण वर्षभरानंतरही सुटलेले राहतात. म्हणजे पंचाण्णव जण परत फिरतात. हे पंचाण्णव जण कर्जं फेडतात, मुलं वाढवतात, रात्रपाळ्या करतात. त्या सगळ्यांची इच्छाशक्ती नेमकी याच एका ठिकाणी कमी पडते, हे मला पटत नाही. आणि तुमचं तर सात महिन्यांचं खातं आहे. साधारण २१० दिवस, दिवसाला तेरा धरल्या तर सुमारे पावणेतीन हजार सिगारेटी तुम्ही ओढल्या नाहीत. नंतर पुन्हा धरली म्हणून त्या ओढल्या गेल्या असं होत नाही.

मला तुमच्या लिहिण्यात दुसरंच दिसतं. तुमचे तीन प्रयत्न तीन वेगळ्या ठिकाणी मोडले आहेत. चौथ्या दिवशी मोडतो तो शरीराचा प्रश्न असतो. पाचव्या आठवड्यात मोडतो तो जागेचा आणि सवयीचा. सातव्या महिन्यात मोडतो तो एका समजुतीचा. तीन दुखणी आहेत आणि तुम्ही तिन्हींवर एकच औषध घेत राहिलात, ते म्हणजे निर्धार. म्हणून तिन्हींचं वेगवेगळं सांगतो.

चौथ्या दिवसाचं. झुरका घेतला की दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. इतक्या लवकर पोचतं म्हणूनच मेंदू ‘ओढली आणि बरं वाटलं’ ही सांगड पक्की करून ठेवतो. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे सहा-सात तासांच्या झोपेनंतर सकाळी फारसं काही शिल्लक नसतं. म्हणून माझा पहिला प्रश्न ‘दिवसाला किती’ हा नसतोच. ‘उठल्यावर पहिली किती मिनिटांनी लागते’ हा असतो. चूळ भरायच्या आधी लागत असेल तर शरीर पुरतं अडकलेलं आहे. नाश्त्यानंतर, घराबाहेर पडल्यावर लागत असेल तर शरीरापेक्षा सवय जास्त आहे. तुम्ही हे लिहिलेलं नाही, पण चौथ्या दिवशी मोडलात यावरून तुमची पहिली सिगारेट अर्ध्या तासाच्या आत असावी असा माझा अंदाज आहे.

बंद केल्यावर चिडचिड होते, लक्ष लागत नाही, झोप तुटते, डोकं जड होतं, भूक वाढते, पोट साफ होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळं टिपेला जातं, पहिला आठवडा जड जातो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतं. माझा तिसरा दिवस मला अजून आठवतो. जेवताना आमटीत मीठ कमी आहे एवढ्यावरून मी ताट सरकवून उठलो होतो. पत्नी काही बोलली नाही. नंतर तिने मला सांगितलं, की तू ओढत असतास तर बरं, असं तिच्या तोंडापर्यंत आलं होतं. हे वाक्य कितीतरी घरांत खरोखर बोललं जातं आणि माणूस त्याच संध्याकाळी टपरीवर जातो. म्हणून आधीच घरात सांगून ठेवा : पहिले आठ दिवस मी बोलेन ते मनावर घेऊ नका, आणि मला कंटाळून ‘ओढ बाबा एकदाची’ म्हणू नका.

या टप्प्यासाठीच औषधं आहेत. च्युइंगम म्हणजे दुसरं व्यसन नाही का, हा प्रश्न मला दर गुरुवारी कोणीतरी विचारतोच. सिगारेटने माणूस अडकतो निकोटिनमुळे, पण फुप्फुसं आणि रक्तवाहिन्या जातात त्या धुरामुळे, म्हणजे डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि जळण्यातून निघणाऱ्या इतर शेकडो विषांमुळे. च्युइंगममध्ये किंवा त्वचेवर लावायच्या पट्टीमध्ये धूर नाही. त्यातलं निकोटिन सावकाश चढतं, त्यामुळे सिगारेटचा तो झटका येत नाही, फक्त तळमळ कमी होते. आणि बारा आठवड्यांत ते कमी करत थांबवायचं असतं. मोडलेल्या पायाला कुबडी घेतली तर तिला आपण व्यसन म्हणत नाही.

पण च्युइंगम चुकीचं वापरलं जातं, आणि मग ‘मला त्याचा उपयोग झाला नाही’ असं लोक सांगतात. ते साध्या च्युइंगमसारखं चघळत राहायचं नाही. सावकाश आठ-दहा वेळा चावायचं, मिरीसारखी चुणचुण जाणवली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचं. चुणचुण गेली की पुन्हा थोडं चावायचं, दुसऱ्या बाजूला ठेवायचं. असं अर्धा तास. भराभर चावलं तर निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचकी लागते, छातीत जळजळतं आणि तलफ तशीच राहते. चहा, कॉफी, लिंबू सरबत, थंड पेय घेतल्यावर पंधरा मिनिटं ते तोंडात टाकायचं नाही, कारण आंबट तोंडात निकोटिन गालातून शोषलं जात नाही. आपल्याकडे कटिंगचा घोट आणि च्युइंगम एकाच वेळी चालू असतं, आणि पैसे वाया जातात. दुसरी चूक म्हणजे ‘अगदीच राहवलं नाही तर’ म्हणून दिवसाला दोन-तीन घेणं. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, तलफेची वाट न पाहता. २ मिलिग्रॅम की ४, हे पहिल्या सिगारेटच्या वेळेवर ठरतं. अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याला सहसा ४ लागतं. पट्टी आणि च्युइंगम एकत्र वापरलं तर एकट्या कशापेक्षाही चांगला गुण येतो.

गोळ्यांमध्ये व्हॅरेनिक्लिन आहे आणि ब्युप्रोपिऑन आहे. दोन्ही डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्या. व्हॅरेनिक्लिन सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात, डोस हळूहळू वाढवतात आणि बारा आठवडे देतात. मळमळ होते म्हणून जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची. काही जणांना फार स्पष्ट, विचित्र स्वप्नं पडतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो. मनावर परिणाम होतो अशी या गोळीची एके काळी भीती होती. २०१६ साली सुमारे आठ हजार लोकांवरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात नुसत्या साखरेच्या गोळीच्या तुलनेत असा त्रास ठळकपणे वाढलेला दिसला नाही, आणि सोडवण्यात हीच गोळी सगळ्यात पुढे राहिली. ब्युप्रोपिऑन मात्र कधी फिट आली असेल तर अजिबात घ्यायची नाही. डॉक्टरने विचारलं नाही तरी ही गोष्ट आपणहून सांगा.

एकदम की हळूहळू? माझं मत स्पष्ट आहे : तारीख ठरवून एकदम. २०१६ सालीच इंग्लंडमध्ये सुमारे ७०० जणांचे दोन गट करून हे पाहिलं गेलं. एका गटाने ठरलेल्या दिवशी एकदम सोडली, दुसऱ्याने आधी दोन आठवडे कमी करत आणली. मदत आणि औषधं दोघांनाही होती. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांतले ४९ टक्के सुटलेले होते, हळूहळूवाल्यांतले ३९. माझ्या खोलीतला अनुभवही असाच आहे. कमी करत आणणारा माणूस चार-पाचांवर येऊन अडतो, कारण उरलेल्या चार-पाच त्याच्या सगळ्यात लाडक्या असतात. दिवसभर तो पुढच्या एकीची वाट पाहत बसतो, आणि ती मिळाली की पार थोटकापर्यंत, खोल झुरके घेत ओढतो. ‘आता फक्त एक-दोनच’ यावर समाधान मानणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की दिवसाला एक ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो तो वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. विसावा भाग नाही, निम्मा. फुप्फुसाच्या कॅन्सरचं गणित संख्येप्रमाणे खाली येतं, हृदयाचं तसं येत नाही.

आता पाचवा आठवडा. इथे शरीर जवळपास मोकळं झालेलं असतं आणि म्हणूनच माणूस गाफील असतो. तुम्ही लिहिलंय, रात्रपाळीत दोन वाजता गेटबाहेर चहाला गेलो आणि कधी पेटवली कळलंच नाही. मी यावर पूर्ण विश्वास ठेवतो. पंधरा वर्षं, दिवसाला तेरा, एका सिगारेटचे दहा झुरके, असे सात लाख वेळा हात तोंडाकडे गेला आहे. (हा हिशेब एकदा मी कागदावर मांडून पाहिला आणि पेशंटला दाखवायला लागलो.) त्या हाताला कपाचा कान दिसला, टपरीचा दिवा दिसला, शेजारी काडी ओढल्याचा आवाज आला, की तो आपोआप उठतो.

यासाठी मी वही देतो. सोडायच्या आधीचा एक आठवडा काहीही कमी करायचं नाही, फक्त लिहायचं : वेळ, जागा, सोबत कोण, आणि ती खरंच किती हवी होती, एक ते तीनमध्ये. काडी ओढायच्या आधी लिहायचं, नंतर नाही. आठ दिवसांनी वही उघडली की तेरापैकी चार-पाचच तीनच्या निघतात. बाकीच्या जागेच्या, सोबतीच्या, कंटाळ्याच्या. आमच्याकडे फौजेतून निवृत्त झालेले बरेच येतात. त्यांतल्या एका सुभेदारांनी वही आणली तर त्यांची एकच सिगारेट हलत नव्हती, सकाळी संडासला जायच्या आधीची. ‘डॉक्टर, ती नसली की पोटच साफ होत नाही.’ हे अगदी खरं असतं. निकोटिन आतड्यांना चालना देतं आणि सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होतोच. त्यांना रात्री इसबगोल, सकाळी दोन तांबे कोमट पाणी आणि जेवणात पालेभाजी वाढवायला सांगितली. तीन आठवड्यांनी ती सिगारेटही गेली. वर्षानुवर्षं त्यांनी जी आपल्या मनाची दुर्बलता मानली होती, ती पोटाची तक्रार होती.

चहाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण हे फार कोणी सांगत नाही. तंबाखूच्या धुरातल्या डांबरी पदार्थांमुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जास्त वेगाने काम करायला लागतं, आणि तेच विकर चहा-कॉफीतल्या कॅफीनचा निचरा करतं. सिगारेट थांबली की काही दिवसांत त्याचा वेग उतरतो. तुम्ही पूर्वीसारखेच सहा कप चहा पीत राहता, पण शरीरात त्याचा परिणाम कितीतरी जास्त होतो. छाती धडधडते, हात थरथरतात, झोप लागत नाही, आणि माणूस समजतो की हे सगळं सिगारेट सोडल्यामुळे. मग ‘एक ओढली की शांत वाटेल’. म्हणून सोडायच्या दिवसापासून चहा निम्मा करा, संध्याकाळी सहानंतर नको. आणि पहिले दोन महिने चहा टपरीवर नको, कॅन्टीनमध्ये बसून घ्या, शक्य तर दुसऱ्या हाताने. हात बदलण्यासारखी क्षुल्लक गोष्ट उपयोगी पडते, हे मी इतक्या लोकांत पाहिलं आहे की आता आग्रहाने सांगतो.

याच विकरामुळे एक धोकाही असतो. दम्यासाठी थिओफायलिनच्या गोळ्या घेणारे आपल्याकडे खूप आहेत, आणि मानसिक आजारासाठी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन घेणारेही. सिगारेट-बिडी बंद झाली की या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा बिडी सोडून दहा दिवस झाले आणि उलट्या, धडधड घेऊन आले. घरचे म्हणत होते, म्हातारपणी सोडायला नको होती. दोष सोडण्याचा नव्हता, थिओफायलिनचा डोस तोच राहिला होता. तो कमी केला आणि आजोबा आजही बिडीविना आहेत. यातलं काही घेत असाल तर तारीख ठरवायच्या आधी डॉक्टरला कळवा.

बिडीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो. ‘बिडी म्हणजे पान आणि चिमूटभर तंबाखू, सिगारेटपेक्षा बरी’ हा समज साफ चुकीचा आहे. तेंदूचं पान हवा सहज आत येऊ देत नाही, बिडी विझू नये म्हणून जोराने आणि वारंवार ओढावं लागतं, त्यामुळे तंबाखू कमी असूनही निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकं किंवा जास्तच मिळतं. आणि त्याहून मोठी भीती मला वाटते ती सिगारेट सोडून तंबाखू-चुना किंवा मावा धरणाऱ्यांची. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि धूरविरहित तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के. म्हणजे तुमच्या भोवतीच्या दर चार माणसांत जवळपास एकाकडे पुडी आहे. सोडल्याच्या तिसऱ्या आठवड्यात तोच तुमच्या तळहातावर ती ठेवतो, आणि तुम्हाला वाटतं, धूर तर नाही ना. तोंडाच्या कॅन्सरला धूर लागत नाही. ई-सिगारेटचं एका ओळीत : आपल्या देशात २०१९ पासून तिच्या विक्रीवर बंदी आहे, चोरून मिळणाऱ्या नळीत काय भरलं आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, तिच्या वाटेला जाऊ नका.

आता सातवा महिना. माझ्या मनात सगळ्यात जास्त हाच विषय आहे, कारण मी इथेच पडलो होतो.

मी वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाला सुरू केली. परीक्षेआधी रात्री जागायची म्हणून. पुढे छातीविकारात पदव्युत्तर शिक्षण घेताना दिवसा कॅन्सरचे एक्स-रे वाचायचे आणि रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर ओढायची, असं मी केलं आहे. माहिती नव्हती म्हणून नव्हे. मग सोडली आणि चौदा महिने ओढली नाही. चौदाव्या महिन्यात, रात्रीच्या ड्यूटीवर, विशी-बाविशीचा एक मुलगा दम्याच्या तीव्र झटक्याने गेला. पहाटेचे चार. त्याच्या वडिलांना सांगून मी खाली चहाच्या गाडीवर आलो. वॉर्डबॉयने स्वतःची पेटवली. मला त्याने दिली नाही, मीच मागून घेतली. ती अजिबात चांगली लागली नाही. घसा जळला, डोकं गरगरलं. आणि मला वाटलं, अरे वा, आता आपल्याला ही आवडतसुद्धा नाही. म्हणजे भीती नाही.

सात दिवसांनी मी स्वतःचं पाकीट विकत घेतलं.

हे मी शेकडो लोकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि तुमच्या लिहिण्यातही आहे : ‘ती एक ओढली तेव्हा नकोशीच वाटली, त्यामुळे वाटलं आता आपल्या हातात आहे.’ लोकांना वाटतं, महिन्यांनंतरची पहिली सिगारेट गोड लागते म्हणून माणूस परत अडकतो. उलट आहे. ती कडू लागते म्हणून अडकतो. तिने आपल्याला निर्धास्त केलेलं असतं. मग दुसरी चार दिवसांनी, लग्नात. तिसरी दोन दिवसांनी. सोडल्यावर शरीर निकोटिनची सवय विसरतं, पण मेंदूने पंधरा वर्षं घोटलेली वाट बुजत नाही. तिच्यावर फक्त गवत उगवतं. चार पावलं पुन्हा पडली की वाट मोकळी. म्हणून ‘मी सोडली आहे, एखादी चालते’ ही समजूत ज्याच्या मनात राहिली त्याची सुटली असं मी धरत नाही, मग कितीही महिने होवोत.

वडिलांच्या दहाव्याला तुम्ही ती घेतलीत, त्याबद्दल स्वतःला इतकं घालूनपाडून बोलू नका. दुःखात, आणि आनंदातही, हात जुन्या ओळखीकडे जातो. चुलतभावाने वाईट चिंतून दिली नाही. आपल्याकडे पुरुषांना एकमेकांचं सांत्वन करायची भाषाच कमी आहे. सिगारेट पुढे करणं हे त्यांतलं एक वाक्य आहे. तुमची चूक झाली असेल तर ती पुढच्या पंधरा दिवसांत. एक ओढली म्हणजे सगळं संपलं, आता गुढीपाडव्याला नव्याने सोडू, असं ठरवून तुम्ही पुन्हा धरलीत. एक ओढली गेली तर तिथेच, त्या तासात कोणाला तरी सांगायचं. पत्नीला, मित्राला, डॉक्टरला, किंवा पाकिटावर छापलेल्या १८०० ११ २३५६ या मोफत क्रमांकावर. ही राष्ट्रीय सेवा २०१६ पासून आहे आणि मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयातही तिचं केंद्र आहे. लपवलेली एक सिगारेट फार लवकर दहा होते. सांगितलेली बहुतेकदा एकच राहते.

सोडल्यावरच्या दोन गोष्टींनी घाबरू नका. पहिले काही आठवडे खोकला आणि बेडका वाढू शकतो, कारण श्वासनलिकेतले धुराने लुळे पडलेले सूक्ष्म केस पुन्हा झाडलोट करू लागतात. महिन्याभरात कमी झाला नाही किंवा रक्त पडलं, तर मात्र लगेच दाखवा. आणि वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं. भाजलेले चणे, गाजर, काकडी, लवंग, बडीशेप जवळ ठेवा, पायी चाला, पण वजनाच्या भीतीने पुन्हा धरू नका. ते चार किलो नंतर उतरवता येतात.

मिळतं काय, तेही सांगतो. कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत रक्तातून जातं. वर्षाने हृदयविकाराचा वाढीव धोका साधारण निम्म्यावर येतो. ब्रिटनमध्ये १९५१ साली तिथल्या सुमारे ३४ हजार पुरुष डॉक्टरांचा अभ्यास सुरू झाला आणि तो ५० वर्षं चालला. माझ्याच व्यवसायातली माणसं म्हणून मला तो जवळचा वाटतो. त्यात साठीला सोडणाऱ्यांना सुमारे ३ वर्षं आयुष्य मिळालं, पन्नाशीला सोडणाऱ्यांना ६, चाळिशीला सोडणाऱ्यांना ९. तुम्ही ३८ वर्षांचे आहात.

आता तारीख. सणवार, वाढदिवस बघू नका, पाळीचं वेळापत्रक बघा. सकाळची पाळी सुरू होते तो सोमवार घ्या, म्हणजे पहिला आठवडा रात्रपाळीत सापडणार नाही. रविवारी रात्री घरातल्या ॲशट्रे, लायटर, पाकिटं बाहेर. गाडीच्या डिकीतलं, कारखान्यातल्या लॉकरमधलं राखीव पाकीटसुद्धा. बहुतेकांचं एक असतंच. त्याच्या आठवडाभर आधी वही सुरू करा आणि डॉक्टरला भेटून औषध ठरवा. तलफ आली की घड्याळ बघा. तीन ते पाच मिनिटांत ती ओसरते, तेवढ्यात जागा सोडा, पाणी प्या, कोणाशी तरी बोला.

आणि वहीच्या पहिल्या पानावर वडिलांच्या वर्षश्राद्धाची तारीख लिहून ठेवा. त्या दिवशी तीच माणसं जमतील, तसंच गलबलून येईल. चार दिवस आधी चुलतभावाला फोन करा आणि सांगा, या वेळी मला देऊ नकोस, त्यापेक्षा माझ्याबरोबर थोडा चालायला ये. तो नाही म्हणणार नाही. सदऱ्याच्या खिशात निकोटिनचं च्युइंगम असू द्या, आणि रात्री घरी परतलात की दोन ओळी मला लिहा.